पालथा हात

तिसऱ्या रात्रीही उल्हास उठून बसला.
म्हणाला, जळतंय काहीतरी.

मला विचारून काही उपयोग नव्हता.
तापाच्या त्या साथीत माझं नाक गेलं ते गेलंच,
आता सुरंगीचा वळेसर आणि फिनेल मला एकच.

फोंड्याचा इस्त्रीचा गाळा विकून
ही चाकांवरची खोली घेतली आम्ही, जुनी,
आधीच्या मालकाची स्टिकरं अजून खिडकीला.
गालजीबागला सुरूंखाली उभी केली,
कायतानच्या ओसरीवरून वायर ओढली
रोजचे दोनशे देऊन.

कसा वास? मी विचारलं.
केस जळतात तसा. नाही.
जुना रेडिओ तापतो तसा. नाही, थांब.
मासळीसारखा गं.

मासळी!
समोर होड्या, होड्यांवर जाळी,
पलीकडे वाळूत सुकायला घातलेले बांगडे.
पहिल्याच दिवशी हसला होता कायतान:
दर्या म्हणल्यार वास येतलोच, बाये.
आम्हीही हसलो होतो.
तरी उल्हासने दुपारी डब्यातली सुंगटं
कावळ्यांना घातली, पावशेर, चांगली निवडलेली.

सिलिंडरला साबणाचा फेस लावून झाला, एक बुडबुडा नाही.
फ्रिज बंद ठेवला. दूध नासलं, वास तसाच.
मोठा दिवा लावायची सोय नाही:
किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात,
उजेड नको, अशी वनखात्याची पाटी आहे.
म्हणून टॉर्चवर लाल रुमाल गुंडाळून
साठीचा माणूस गुडघ्यांवर फिरत होता,
सिंकखाली नाक, गादीखाली नाक,
माझ्या चपलांशी नाक.
मला हसू आलं, आणि ते त्याला दिसलं.

तुला काय, म्हणाला, तुझं बरंय.

मग बराच वेळ दोघंही गप्प.
लाटा तेवढ्या बोलत होत्या, आणि पाण्याचा पंप,
जो स्वतःशीच मध्येच घरघरतो.

तीस वर्षं इस्त्री पारखली मी.
थुंकी लावून नाही, पाणी शिंपडून नाही,
हात पालथा करून
लोखंडापासून चार बोटं अंतरावर.
रेशीम की खादी, ते हात सांगायचा.

उठले. दारापासून सुरुवात केली.
पत्रा गार. कपाट गार.
खिडकीखाली भिंत ओलसर, खारट असणार, पण गार.
बाकड्याची फळी,
आणि फळीच्या टोकाला, जिथे उल्हासचं डोकं असतं निजताना,
आत्ताच कुणी तिथून उठून गेल्यासारखी
ऊब.

इथे, म्हटलं.
तो नाक नेऊन टेकवणार, इतक्यात ओरडले,
आधी वायर काढ!
अनवाणी पळाला कायतानच्या ओसरीवर,
त्याचं कुत्रं भुंकलं, कुणीतरी खोकलं,
आणि आमची खोली काळोखी झाली.

फळी उघडली.
पांढऱ्या प्लगवर तपकिरी डाग,
टेरिकॉटच्या कॉलरवर इस्त्री विसरावी तसा,
वायरची साल मेणासारखी ओघळलेली.
कारण एक स्क्रू. सैल.
वाटेत खड्डे किती लागले, कोण मोजतो,
प्रत्येक खड्ड्यात केसभर सुटला असेल.
प्लास्टिक असं तापलं की मासळीसारखं घमघमतं
हे आम्हाला सकाळी काणकोणच्या वायरमनने सांगितलं,
तेव्हा मात्र कायतान हसला नाही.

पण ती सकाळ अजून दूर होती.
पंख्याविना आत बसवेना,
पायरीवर बसलो, एकाला पुरेल एवढीच पायरी.
होड्या निघत होत्या.
त्याने लांब श्वास घेतला,
आता खरीच मासळी, म्हणाला.

कशी असते रे? मी विसरत चालले.

तो सांगायला गेला. ओली, म्हणाला. थांबला.
मग माझा हात घेतला, पालथाच,
आणि नाकाशी धरला.
तांब्याचा येतोय, म्हणाला.
आणि थोडा साबणाचा.